तेरखेड्याचा कावळा

२ एप्रिल १९७३, सोमवार. येडशी

स्वामी सर आज पुन्हा टेम्पोत. उस्मानाबादला कॉलेजात शिकवतात, एस.टी. चुकली की मी चालवतो त्या दूध संघाच्या टेम्पोला हात करतात. माझी हरकत नसते, बोलायला माणूस मिळतो. कॅन निम्मे रिकामेच. जनावरांना वैरण नाही तर दूध कुठून निघणार? त्या खडखडाटात सर ओरडून म्हणाले, "नाटक लिहिलंय मी. नायक तुम्ही."

म्हणालो, गरिबाची चेष्टा करू नका.

"चेष्टा नाही. मला असा चेहरा पाहिजे, की ज्याच्याकडं बघून कुणाला काही म्हणजे काहीच वाटत नाही."

येताना टेम्पोच्या आरशात बघितलं. सरांचं खरं आहे.

५ एप्रिल

सरांच्या घरी वाचन. साधं नाटक आहे. नामदेव नावाचा फिटर, सहकारी तेलगिरणीत सगळा जन्म गेला. दुष्काळात गिरणी बंद पडते. हा घरी सांगत नाही, रोज डबा घेऊन गेटापर्यंत जातो आणि संध्याकाळी परत येतो. एक दिवस बंद गेटाला टेकून बसतो तो उठतच नाही. शेवटी दहाव्याचा प्रवेश. बायको आणि मुलगा पिंड ठेवून बसलेत, कावळा शिवत नाही. बायको विचारत राहते, "काय राहिलं तुमचं? सांगा की." उत्तर नाही. पडदा.

मला रडू आलं. धोतराच्या सोग्याला नाक पुसलं, सरांनी बघितलं आणि लिहिल्याचं सार्थक झाल्यासारखे हसले.

घरी कौसल्येनं विचारलं, "कसलं नाटक?"
"संसारी."
"शेवट ग्वाड हाय न्हवं?"
"हाय." आधीच दुष्काळ, तिच्या जिवाला आणखी घोर कशाला.

७ एप्रिल

मंदाचं सोलापूरच्या नर्सिंग ट्रेनिंगला नाव लागलं. एक जूनला हजर व्हायचं. पोरगी कागद घेऊन अंगणात उड्या मारत होती, शेळी बिथरली. एकुलती एक लेक, मॅट्रिक झालेली, हाताला गुण आहे तिच्या. 

कौ. चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "न्हाय."
"अगं पण..."
"पोरीच्या जातीनं परक्यांची अंगं पुसायची व्हय? न्हाय म्हंजे न्हाय."

आमच्या घरात कौ.चं न्हाय म्हणजे कोर्टाचा निकाल, आणि वरचं कोर्ट नाही. मी संघात चेअरमनशी हुज्जत घालतो, हिच्यापुढं जीभ टाळ्याला चिकटते. मंदा रात्री जेवली नाही. मी जेवलो, पण चव नव्हती. अर्थात रेशनवरच्या परदेशी मिलोच्या भाकरीला चव तशीही नसते.

१२ एप्रिल

तालीम. मंडळी चांगली आहेत. नामदेवची बायको म्हणजे पद्माबाई, बालवाडीच्या शिक्षिका, रडायला लागल्या की थांबवावं लागतं. मुलगा म्हणजे कांबळे, जिल्हा परिषदेत क्लार्क, तरणाबांड, पाठांतर पक्कं.

दहाव्याच्या प्रवेशाला घोळ. पिंड कसा ठेवायचा, कोण कुठं बसतं. सर लिंगायत, म्हणाले, "आमच्यात पुरतात, कावळ्याचा संबंध नाही. मी मित्राच्या वडिलांचं लांबून पाहिलंय." कांबळे म्हणाला, "आम्ही छप्पन सालीच हे सगळं सोडलं सर, माझ्याकडं बघू नका." पद्माबाई म्हणाल्या, बायका कुठं नदीवर जातात. सगळे माझ्याकडं वळले. मी वडिलांच्या दहाव्याला बसलेलो, ते सांगितलं. भाताऐवजी मिलोच्या पिठाचा गोळा करायचा ठरलं. तांदूळ आहे कुणाकडं?

नवीन काम लागलं. कावळ्याचा आवाज काढायला माणूस नाही आणि मी तर तोवर मेलेला, रिकामाच. विंगेतून तीनदा काव काव करायचं, लांबून, मग गप्प. म्हणजे मेल्यावरही सुटका नाही.

१५ एप्रिल, रविवार

टेम्पो धुवायला पाणी नाही, फडक्यानं पुसला. पुसता पुसता कावळ्याचा सराव केला. शेजारच्या वच्छामावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "पाव्हणं येणार वाटतं कुणीतरी." मंदा इतकी हसली की पोट धरून खाली बसली. आठ दिवसांनी हसली पोरगी.

कौ.कडं पुन्हा विषय काढला. तिनं भांडी अशी आपटली की विषय आपोआप मिटला.

२१ एप्रिल

तेरखेड्याहून बोलावणं. तिथं दारूकाम करतात, लग्नाकार्याला सगळा जिल्हा त्यांच्याकडून फटाके नेतो. जत्रेला दरसाल तमाशा असतो, यंदा परवडत नाही, सरांचं नाटक फुकट आहे. सर हरखले. "सामान्य माणसाची शोकांतिका सामान्य माणसापुढं!" मी म्हणालो, सर, ते तमाशाची वाट बघत बसलेले असतील. ऐकतात कुठं.

संघाची परवानगी काढली. मंडळी टेम्पोतून जाणार. कौ. म्हणाली, "म्या बी येणार. ग्वाड शेवट हाय म्हणताव तर बघू तरी." आता काय सांगू?

३० एप्रिल, सोमवार

काल प्रयोग झाला. सगळं लिहून ठेवतो, नाहीतर पुढं माझा मलाच खरं वाटायचं नाही.

उन्हं कलल्यावर सुरुवात. मारुतीच्या पारापुढं कट्टा, मागं चिंच. दगड फोडायच्या कामावरून आलेली माणसं हातपाय न धुताच बसलेली. तिथं घंटेऐवजी बाँब लावतात. धडाम झालं, पद्माबाई हातभर उडाल्या, नाटक सुरू.

माझं मरण व्यवस्थित झालं. गेटाला टेकलो, डबा मांडीवर, मान टाकली. बायकांतून "अगं आई गं" आलं. आवाज ओळखीचा. डोळा उघडायची सोय नव्हती.

दहावा. विंगेतून तीन वेळा लांबचा कावळा काढला, मग गप्प. पद्माबाईंनी काल कमाल केली. "काय राहिलं तुमचं? सांगा की..." आणि पडदा. म्हणजे दोघांनी धरलेली सतरंजी.

टाळी नाही. शिट्टी नाही. कुणी उठेचना.

सर पुढं गेले. "मंडळी, नाटक संपलं. आभारी आहे."

पुढच्या रांगेतला पटकेवाला म्हातारा म्हणाला, "संपलं कसं? कावळा कुटं शिवलाय?"

"नाही शिवत तो. तेच तर नाटक आहे."

"आसं उठून जाता येतंय व्हय सर? पिंड तसाच टाकून? आधीच पाऊस न्हाय, त्यात गावाला आनी हे कशाला? बसतो आमी. फटाक्यांपायी आमच्या गावात कावळा तसाबी उशिरानंच येतो, आमाला सवय हाय."

सर माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडं. वडिलांच्या वेळेला मी स्वतः दुपार होईपर्यंत नदीत बसलेलो, पण हे डोक्यातच आलं नव्हतं. वाटलं, नाटकातलं नाटकात राहतं. इथं कुणाच्या मनात नाटकबिटक नव्हतंच. एक माणूस गेलेला, त्याचा दहावा चाललेला, आणि पाचशे माणसं दहाव्याला येऊन बसलेली.

सतरंजी पुन्हा बाजूला झाली. पद्माबाई आणि कांबळे पिंडाजवळ जाऊन बसले, करणार काय.

मग लोक बोलायला लागले. "नामदेवा, गिरणी चालू करतो बाबा!" "कोण? तू करतूस?" हशा. "पोराला नोकरीला लावू!" कांबळे पुटपुटला, मला आहे. कुणी म्हणालं, दर्भाचा कावळा करून शिववा. दुसरा म्हणाला, दर्भ कुठला ह्या दुष्काळात? कुणी तंबाखूची चंची पिंडाशेजारी ठेवून गेलं. मग एक बाई म्हणाली, "मिलोचा पिंड हाय. म्हणून येईना त्यो." ती उठून घरी गेली आणि अर्धी ज्वारीची भाकरी घेऊन आली. पानावर ठेवली, हात जोडले. यंदा ज्वारीची अर्धी भाकरी म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. मी तोंडाला हातांची ओंजळ लावली. ओरडणारच होतो, सरांनी दंड धरला. "खबरदार! तुम्ही ओरडलात की माझी शोकांतिका संपली."

तेवढ्यात बायकांत कुणीतरी उठून उभं राहिलं. आमचीच कौ. पदर डोक्यावरून घसरलेला, तोंड रडून सुजलेलं.

"मंदीला धाडते म्या सोलापूरला! ऐकताव का? धाडते म्हणलं! आता तरी शिवा हो!"

तेरखेड्यात मंदी कोण ते कुणाला ठाऊक? नाटकात नामदेवला मुलगीच नाही. पण सगळ्यांनी माना डोलावल्या, लेकीत जीव अडकला होता म्हणाले.

माझ्या तोंडातून काव निघालं. सरांचा हात दंडावरच होता. एकदा नाही, तीनदा नाही, ओरडतच सुटलो. मेलेला कावळा असता तरी उठून बसला असता.

माणसं उठली, धोतरं झटकली. म्हातारा "सुटला बिचारा" म्हणाला आणि चूळ भरायला पाणी मागायला लागला. एक बाई दुसरीला म्हणत होती, आता अंघोळीला पाणी कुठून आणू?

परत येताना सर मागं कॅनांच्या गर्दीत बसले. माझ्याशी अवाक्षर नाही. कौ. केबिनमध्ये माझ्या शेजारी.  येडशीच्या अलीकडं तिनं माझ्या दंडाला हात लावून बघितला, गरम आहे का ते.

१ मे

मंदा घरभर तरंगतीय. आईला पाणी काय देती, पाय काय चेपती. मी हळूच म्हणालो, बघ, झालं की नाही काम?

कौ.नं ऐकलं. "कसलं काम? तुमचा आवाज वळखत न्हाय व्हय म्या? इतकी वर्सं ऐकतीया. कावळ्याचा काढला म्हणून काय झालं?"

"मग आता?"

"आता काय? सबूद दिला मेल्या माणसाला. तुमी तर जित्तं हायताव, चांगलं दोन भाकरी खाताव."

मंदाचं तोंड उतरलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आबा, अजून एकदा मरा की." नालायक कार्टी.

४ मे

वच्छामावशीपर्यंत प्रकरण गेलं. त्यांचा निकाल: पिंडापुढं दिलेला शब्द मोडता येत नाही, कावळा खरा असो का खोटा. कौ. म्हणाली, पण माणूस मेलाच नव्हता. मावशी म्हणाल्या, "मग मरूस्तवर थांबतीस काय?" कौ. रागानं उठून आली. मला वाटतं तिला मावशीचं पटलं, म्हणूनच राग आला.

९ मे

सर टेम्पोत बसले. दहा दिवसांचा अबोला संपला. "तुम्ही माझं नाटक मारलंत," म्हणाले. नंतर हसले. "तेरखेड्याजवळच्या वाशीचे लोक आले होते. नाटक पाहिजे म्हणतात. कावळा शिवणारंच पाहिजे म्हणतात."

"मग?"

"मी नाही म्हणालो. ज्याच्या मनात काय होतं ते कुणालाच कधी कळलं नाही, असा माणूस आहे तो. त्याला कावळा कसा शिवेल?"

मी विचारलं, पण सर, तुम्हाला तरी ठाऊक आहे का, त्याला काय पाहिजे होतं?

 ढोकी रस्त्याचा फाटा आला तेव्हा म्हणाले, "नाही हो. मीही विचारलं नाही त्याला." मला सर फार आवडले त्या वेळी.

१३ मे, रविवार

सरांचं बोलणं कौ.ला सांगितलं. ज्वारी निवडत होती, म्हणजे खडे निवडत होती, ज्वारी नावालाच. मला वाटलं, चार शब्द गोड बोलेल, मंदाचा विषय पुन्हा निघेल. सुपातून वर न बघता म्हणाली,

"नामद्याला काय पायजे व्हतं ते सगळं गाव इचारत बसलं. सर इचारतेत, तुमी इचारताव. त्याच्या बायकूला काय पायजे व्हतं, ते इचारलं का कुनी? ती आपली बसलीया, काय राहिलं, काय राहिलं. आन् तिचं?"

तिनं एक खडा काढून अंगणात भिरकावला.

"म्या मेल्यावर इचाराल. पिंड ठिवून. जित्तेपणी कोण इचारतंय?"

सूप वाजत राहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली. जेवलीस का, विचारलंय. दुखतंय का, विचारलंय. माहेरी जाती का, तेही. मी ओट्यावरून उठून तिच्यासमोर मांडी घालून बसलो. "कौसल्या, तुला काय पाहिजे?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं परक्या गावच्या माणसानं पत्ता विचारल्यावर बघावं. मग पुन्हा सुपात बघायला लागली. कान लाल झाले होते तिचे. लग्नात झाले होते तसे.

"सांगीन," म्हणाली. "घाई करू नगा. इचार करू द्या."

१८ मे

अजून सांगितलं नाही. विचार चाललाय. काल भाकरी तव्यावर करपली, तिच्या हातून असं होत नाही. मधेच घागर खाली ठेवून उभी राहते. मी विचारलं तर "थांबा की वो."

मंदाबद्दल हो नाही, ना नाही. मंदा मला खुणेनं विचारते, मी खुणेनं थांब म्हणतो. सगळं घर थांबलंय.

२४ मे

कौ.नं कपाटावरची ट्रंक काढली, पुसली. मंदाच्या पांढऱ्या साड्यांना स्वतः फॉल लावला. मी आणि मंदानं एकमेकांकडं बघितलं, श्वास सोडला. फॉल लावून झाल्यावर म्हणाली, "लावलाय म्हंजे धाडलं आसं न्हाय. साडी हाय, फॉल लागतूच."

रात्री मंदाच्या केसांना तेल लावत बसली. बराच वेळ. दोघी काहीतरी बोलत होत्या, मला ऐकू आलं नाही. टेम्पोवर मी दिवसभर बाहेर असतो. घरात ह्या दोघीच. मंदा गेली की ही एकटी. हे मला आज सुचलं, आज. डोक्यात कॅनच खडखडतात माझ्या.

२८ मे

मी असं का विचारलं तिला, ह्याचाच विचार करतोय. चांगलं केलं, ह्यात शंका नाही. पण तेरखेड्याचा शब्द माझ्या बाजूनं होता, मावशी माझ्या बाजूनं होत्या. गप्प बसलो असतो तर मंदा बिनबोभाट गेली असती. आता विचारून बसलोय. तिला मंदाच घरात पाहिजे असेल तर? आयुष्यात पहिल्यांदा बाईनं काही मागितलं आणि ते नेमकं हेच निघालं तर? कोणत्या तोंडानं नाही म्हणू? आणि हो म्हणालो, तर पोरीला कोणतं तोंड दाखवू?

कांबळेला सांगितलं. तो म्हणाला, "काका, विचारायचं तर ऐकायची तयारी पाहिजे." पोरगं पंचविशीचं, शहाणं आहे.

३१ मे, गुरुवार

उद्या सकाळच्या एस.टी.नं निघायचं, तरच दुपारी हजर होता येतं. ट्रंक भरून झाली. मंदा वर बसून दाबतीय, मी कडी लावली. वच्छामावशीनं शेंगदाण्याचे लाडू दिले. कौ.चा चेहरा शांत आहे. असा चेहरा मी बघितलेला नाही. टेम्पो आज लवकर लावला, ओसरीवर बसून लिहितोय.

आताच आतून आली. हात पदराला पुसले. माझ्यासमोर बसली, मंदाला म्हणाली, "तू बी बस. तुज्यासमोर सांगायचंय."

मंदा ट्रंकेवरून उठली नाही. माझ्याकडं बघतीय.

कौ. म्हणती, "ते लिहिनं ठिवा खाली. इचारलं हुतं न्हवं? मग ऐका."

ठेवतो.